साडेतेरा वर्षांनी धाकटी: तिची ताई कसं व्हायचं

माझ्यात आणि माझ्या धाकट्या बहिणीत साडेतेरा वर्षांचं अंतर आहे. माझा जन्म जून १९९५चा, तिचा फेब्रुवारी २००९चा. मधे कुणी नाही. घरात तिला मनी म्हणतात, इथेही मी तेच म्हणते.

मी साताऱ्याला पोस्टात काउंटरवर असते. परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले एक दादा डबा उघडून नुसतेच बसले होते. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाळणा हलणार आहे आणि थोरली आठवीत आहे. ती आईशी बोलेनाशी झालीय. "मॅडम, तुमच्यातही एवढंच अंतर ना? तुमचं कसं झालं?" त्यांनी विचारलं. सुट्टी अर्ध्या तासाची. सांगून संपलं नाही, म्हणून घरी येऊन सगळं लिहायला घेतलं. माझं सगळं बरोबर झालं असं नाही. जिथं चुकले तेही लिहिलंय, कारण त्याचाच उपयोग जास्त होईल.

पाळणा हलायच्या आधी

मीही तेव्हा आठवीतच होते. आईचं पोट दिसायला लागलं आणि मला लाज वाटायला लागली. वर्गातल्या मुली मागे वळून बघायच्या, हसायच्या. मी आईबरोबर मंडईत जाणं बंद केलं. ही लाज खरी असते, आणि "असं काय करतेस, तुला खेळायला बहीण येणार" म्हटल्यानं ती जात नाही. उलट आपलं काहीतरी वाईट आहे असं पोरीला वाटत राहतं.

माझ्या आईनं एका रात्री माझ्या डोक्याला तेल लावता लावता एवढंच म्हटलं, "मलापण चारचौघांत अवघडल्यासारखं होतं गं." आम्ही दोघी एका बाजूला आलो ते त्या वाक्यानं. दादांना मी हेच सांगितलं. मोठीची समजूत घालायच्या आधी तिच्या आईला स्वतःचं अवघडलेपण बोलून दाखवू दे.

बाळ आलं की घरात कामं वाढतात आणि ती आपोआप मोठीकडे सरकतात. दुपटी धुवायची, बाटल्या उकळायच्या, बाळ रडलं की वही मिटून उठायचं. थोरलीला बाळाचं एक काम द्या, सगळी देऊ नका. आणि ते एक काम तिला निवडू द्या. माझं होतं संध्याकाळी सहा ते सात. त्या तासात मनी माझी. तिला कडेवर घेऊन मी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या बोळातून कृष्णेच्या घाटापर्यंत जायचे, नदी दाखवायचे, परत यायचे. सात वाजले की बाळ आईकडे आणि मी अभ्यासाला. दहावीच्या वर्षीही तो तास मी सोडला नाही, कारण तो कुणी माझ्यावर टाकलेला नव्हता.

घरात दोन आया नकोत

मनी पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला वाटायला लागलं होतं की मला सगळं कळतं. मी तिचा शुद्धलेखनाचा कित्ता घ्यायचे, अक्षर वाकडं आलं की खोडून परत लिहायला लावायचे. आईपेक्षा मी कडक. एकदा शाळेत "माझं कुटुंब" लिहायला सांगितलं होतं, त्यात तिनं लिहिलं, "मला दोन आई आहेत. एक ओरडते आणि एक जास्त ओरडते." बाईंनी कौतुकानं वही दाखवली. मला त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हा ठरवलं ते आजवर पाळलंय. रागावणं आईबाबांचं काम, माझं नाही. अभ्यास मी घेणार नाही. तिनं वही घेऊन येऊन विचारलं तर सांगणार. आईनं "हिला जरा समजाव" म्हटलं तर "तूच सांग आई, मी ताई आहे" असं म्हणणार. आईला पहिल्यांदा हे आवडलं नाही. सहा महिने लागले.

मग उरतं ते करायचं. आमच्या आईबाबांचे गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे सायकल शिकवणं माझ्याकडे आलं. सायकल शिकवायची असेल तर आधी सीट एवढी खाली घ्या की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. दोन दिवस पॅडलला पाय लावूच देऊ नका, जमिनीला पाय रेटत नुसती पुढे जाऊ दे. तोल तिथंच येतो. मागून कॅरिअर धरून पळायची वेळ माझ्यावर एकदाच आली. डबाऐसपैस, बिट्ट्या, पत्ते, हादग्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणं, हे सगळं तिला माझ्याकडून मिळालं. यातल्या कशालाही गुण नसतात.

तिला न मिळालेलं घर

याचा फार कुणी विचार करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला मिळालेले आईबाबा आणि मनीला मिळालेले आईबाबा वेगळे आहेत. माझे बाबा लुनावरून मला पुढं उभी करून हरिपूरला नेणारे. तिचे बाबा संध्याकाळी पाय वर करून बसणारे. माझी आई हादग्याची गाणी मोठ्यानं म्हणायची, तिची आई लवकर दमते. आणि आजी तर तिला मिळालीच नाही. आजी २००७मध्ये गेली. मनीला ती भिंतीवरच्या फोटोत भेटली, हार घातलेली.

एवढ्या अंतरानं मोठ्या असलेल्या भावाबहिणीनं हे घर धाकटीला द्यायला हवं. दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आईबाबांना स्वतःचं तरुणपण असं सांगता येत नसतं. मी आठवड्याला एक गोष्ट सांगायचे, रात्री अंथरुणावर, दिवा मालवल्यावर. गोष्ट लहान ठेवायची, पण त्यात एक वस्तू असलीच पाहिजे. "आजी प्रेमळ होती" याचा मुलीला काही उपयोग नाही. आजी खिरापतीचा डबा कानाशी हलवून आवाजावरून आत काय आहे ते ओळखायची. शेंगदाण्याचा आवाज वेगळा, डाळ्यांचा वेगळा. हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी मनी स्वयंपाकघरात डबे हलवत होती. गोष्टी गोडच हव्यात असंही नाही. बाबांचं दुकान बंद पडलं ते वर्ष, आईबाबांचा अबोला, हेही मी सांगितलं, ती तेरा वर्षांची झाल्यावर. त्यानंतर ती बाबांशी जरा हळू बोलायला लागली.

तिच्या वयाचे होऊन बोला

साडेतेरा वर्षं पुढं उभं राहून मागं बघत सल्ला दिला तर तो पोचत नाही. ती दहा वर्षांची असेल तर आपण दहा वर्षांचे होतो तेव्हाचं काढावं लागतं, आणि खरं काढावं लागतं. हे मला पुरानं शिकवलं.

ऑगस्ट २०१९. मी नोकरीला लागून साताऱ्याला आले होते, वर्षही झालं नव्हतं. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं तसे आईबाबा मनीला घेऊन मिरजेला मावशीकडे गेले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची, यावरून कल्पना येईल. आमचं घर तळमजल्याचं. रस्ते बंद, मला जाता येईना. मावशीच्या फोनवर रोज दोन मिनिटं बोलणं व्हायचं आणि मनी नुसती रडायची. "रडू नको, सगळे सुखरूप आहेत ना" हे मी चार दिवस म्हणत होते. पाचव्या दिवशी मी विचारलं, "मने, तुला सगळ्यात जास्त काय आठवतंय?"

ती म्हणाली, "माझ्या रेघा."

आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं तिच्या उंचीच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला एक. घरादाराचं काय झालं असेल हे मोठे बोलत होते आणि ती त्या चौकटीचा विचार करत होती.

मी दहा वर्षांची होते तेव्हा, २००५च्या पुरात, माझ्याही रेघा गेल्या होत्या. त्याच चौकटीवरच्या. इतकी वर्षं मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. मी तिला सांगितलं की मी तेव्हा खूप रडले, पुस्तकं गेली त्यापेक्षा जास्त, आणि हे कुणाला सांगितलं नाही, कारण मोठ्यांचं एवढं गेलेलं असताना रेघांचं काय सांगायचं. पलीकडे ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग काय केलंस?"

मग आजीनं केलं होतं. घर धुऊन झाल्यावर चौकट अजून ओली होती, पेन्सिल उमटेना. आजीनं चुलीतला कोळसा आणला, मला पाठ टेकवून उभी केली, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि रेघ ओढली. "हितनं मोज आता," म्हणाली.

पाणी उतरल्यावर मी रजा टाकून घरी गेले. चिखल घोट्याच्या वर होता. तो उपसायला आठवडा गेला. शेवटच्या दिवशी मी मनीला चौकटीला उभं केलं. कोळसा मिळाला नाही, शेजारच्या सुताराची जाड पेन्सिल आणली. डोक्यावर आडवं धरायला तिनं स्वतःच पाटी शोधून आणली होती.

भीती मात्र लगेच गेली नाही. पुढचे दोन पावसाळे रात्री जोराचा पाऊस आला की ती उठून बसायची. "घाबरू नको" म्हणून उपयोग नव्हता, पाण्यानं घराचं काय केलं ते तिनं पाहिलं होतं. आम्ही एक वही केली. पावसाळ्यात रोज पेपरातून तीन आकडे लिहायचे: आयर्विनची पातळी, कोयना धरणात किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी आहे, आणि धरणातून किती सोडलंय. कोयना माझ्या जिल्ह्यात. तिची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या जरा वर आहे. वरून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो हे तिला आकड्यांतून कळत गेलं. मी साताऱ्यातून पावसाचं सांगायचे, ती नदीचं सांगायची. २०२१च्या जुलैत परत पूर आला तेव्हा सामान वर चढवायला आईबाबांना तिनं आधी सांगितलं.

धाकटीला कशाची भीती वाटत असेल तर तिला मोजता येईल असं काहीतरी तिच्या हातात द्या. आणि त्याच वयात तुम्हाला कशाची भीती वाटत होती ते आठवून सांगा. आठवत नसेल तर तिला तसं सांगा, पण बनवून सांगू नका. तिला कळतं.

लांब राहायला गेल्यावर

फोन रोज केला तर "जेवलीस का, शाळा कशी आहे" एवढ्यावरच येतो. आम्ही रविवारी सकाळी एकदाच बोलतो, पण ती वेळ तिची. आईनं फोन हातात घेतला तरी मी "आई, तुला दुपारी करते" म्हणून परत तिच्याकडे द्यायला लावते. तेवढ्यात आईचा निरोप, बाबांच्या गोळ्या, काही मधे येऊ देत नाही.

आणि पोस्टकार्ड. मी पोस्टात आहे म्हणून म्हणत नाही. कार्ड अजून ५० पैशांना मिळतं. महिन्याला दोन टाकलीत तरी वर्षाला १२ रुपये होतात. स्वतःच्या नावानं टपाल येणं ही आठ-नऊ वर्षांच्या मुलीला फार मोठी गोष्ट असते. पोस्टमन दारात उभा राहून तिचं पूर्ण नाव घेतो, आडनावासकट. पत्त्यात बाबांचं नाव घालू नका. पिनकोड तिला पाठ करायला लावा. सांगलीचा ४१६४१६ आहे. तोच आकडा दोनदा येतो म्हणून मनीला तो फार आवडायचा.

कार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचतं. त्यामुळे त्यावर खासगी लिहायचं नाही. त्या दिवशी पाहिलेली एकच गोष्ट लिहायची, चार ओळींत. वर जागा उरली तर चित्र काढायचं. उपदेश तर अजिबात लिहायचा नाही. खासगी असेल तर अडीच रुपयांचं आंतरदेशीय घ्यायचं आणि नीट चिकटवायचं. उत्तर मागू नका. मनीचं पहिलं उत्तर यायला माझी अकरा कार्डं गेली.

तिनं सांगितलेलं

इथं मी मोठी चूक केली.

ती आठवीत होती. एका रविवारी तिनं फोनवर सांगितलं की गणिताच्या चाचणीत नापास झाले आणि पेपरवर बाबांची सही मीच केली. मला धक्का बसला. फोन ठेवल्यावर तासाभरात मी आईला सांगितलं. तिच्या भल्यासाठीच सांगतेय असं मला वाटत होतं.

त्यानंतर तीन महिने रविवारचा फोन चालू राहिला आणि त्यात काही उरलं नाही. "बरी आहे." "काही नाही." "ठेवू?"

शेवटी मी सांगलीला गेले, भडंगाचा पुडा घेतला आणि तिला आयर्विन पुलावर नेलं. कठड्याशी उभं राहून म्हटलं, "मी चुकले. तू विश्वासानं सांगितलंस आणि मी ते दुसऱ्याला दिलं." त्याच्या पुढं "पण" लावायचा नाही हे मी गाडीत बसल्यापासून घोकत होते. "पण तुझ्या काळजीनं" म्हटलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. ती भडंग खात नदीकडे बघत राहिली. मग मी तिला सांगितलं की सातवीत मी विज्ञानाचा पेपर फाडून नदीत टाकला होता, याच पुलावरून. हे पहिल्या फोनवरच सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. मला तेव्हा सातवीतली मी आठवली नाही, फक्त सत्तावीस वर्षांची मी बोलले.

तेव्हा आम्ही ठरवून घेतलं, आणि हे प्रत्येकानं आधीच ठरवून घ्यावं. तीन गोष्टी मी आईबाबांना सांगणारच: कुणी तिला त्रास देत असेल किंवा नको तसा हात लावत असेल, कुणी फोटो किंवा पैसे मागत असेल, आणि तिला स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल. तेही तिला आधी सांगून, तिच्या समोर. बाकी सगळं तिचं. माझा फोन लागला नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ आहे. तो रात्रीही चालू असतो.

पाळीबद्दल

दहा वर्षांची झाली की बोलून टाका, वाट बघू नका. आई जुन्या वळणाची असेल तर ताईनंच बोलावं. दादा असेल तरी त्यानं निदान पॅड आणून ठेवायला लाजू नये. मी मनीला स्वच्छ चड्डी घेऊन त्यावर पॅड कसं चिकटवायचं ते दाखवलं, पंखांचा कागद तिला स्वतःला काढू दिला, आणि चमच्यानं पॅडवर पाणी ओतून किती शोषतं ते दाखवलं. सहा चमचे तिनं मोजले. मग दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पिशवी: दोन पॅड, एक चड्डी, गुंडाळायला वर्तमानपत्र. ती पिशवी सव्वा वर्ष दप्तरात होती. सातवीत एक दिवस तिनं शाळेतून येऊन आईला सांगितलं, "झालं. मी बदललंय." आणि खायला मागितलं.

पैसे

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून थोडक्यात. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, आणि ते आई, वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. ताई-दादांना नाही. काउंटरवर किती भाऊ येतात आणि हिरमुसून जातात. तुम्ही पैसे घरी द्या, भरू दे त्यांना. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. १५ वर्षं भरायचं, उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. मनीचं बाबांनी २०१५मध्ये उघडलं, योजना आली त्याच वर्षी.

दहा पूर्ण झाल्यावर मुलीला पोस्टात स्वतःचं बचत खातंही काढता येतं, ५०० रुपयांवर. ते जरूर काढा. सही तिची. मनीनं वहीच्या मागच्या पानावर चाळीस सह्या करून एक निवडली होती. पैसे काढायची पहिली स्लिप तिनं स्वतः भरली, पुरात गेलेली रंगपेटी घ्यायला.

मनी आता अकरावीत आहे. माझ्यापेक्षा उंच झाली. चौकटीवरची तिची रेघ यंदा माझ्या रेघेच्या वर गेली, मी स्टुलावर चढून ओढली. भूगोल तिला माझ्यापेक्षा जास्त येतो, आणि वहीतले आकडे अजून तीच लिहिते. परवा टपाल आलं त्यात तिचं कार्ड होतं. सॉर्टिंगच्या ताईंनी वाचून हसतच माझ्या हातात दिलं. वर शाईनं काढलेला पूल, खाली एकच ओळ:

"आयर्विन १८ फूट. रस्ते चालू आहेत. येतेस का?"